आधी नवऱ्याची तपासणी करा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सा. न. वि. वि.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी रक्त-लघवी तपासणीची लॅब चालवतो. लग्नाला चार-पाच वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की माझ्याकडे बाई येते. थायरॉइड, साखर, हार्मोन्स, मग नागपूरला जाऊन गर्भनलिकांची तपासणी. नवरा बाहेर मोटारसायकलवर बसून पन्नीत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण, घोटत असतो. ‘तुमचीही तपासणी करू’ म्हटलं की ठरलेलं उत्तर : “मले काय झालं जी?”

मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही दोष असतो. वीर्य तपासणीला ना सुई लागते ना भूल, खर्चही फार नाही. तरी तिचा नंबर सगळ्यात शेवटी!

धूर निघत नाही म्हणून खर्रा निर्धोक, असा इकडे समज आहे. मुंबईत तपासणीला आलेल्या तंबाखू खाणाऱ्या पुरुषांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू जितकी जास्त, तितका वीर्याचा रिपोर्ट खालावलेला. बिडी-सिगारेटने शुक्राणूंची संख्या आणि चाल मंदावते, त्यांच्या डीएनएलाही इजा होते. रोजच्या भरपूर दारूने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन घटतं. पिणाऱ्यांना पोरं होत नाहीत का, असं मला हमखास विचारतात. होतात की. पण ज्याचा रिपोर्ट आधीच काठावर आहे, त्याला हे परवडत नाही.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७२ दिवस लागतात. म्हणजे आज सोडलं, तर फरक पडला का हे पाहायला तीन महिने थांबावं लागतं. हे त्याला सांगायचं कुणी?

गुटखाबंदी २०१२ पासून आहे. आमच्या जिल्ह्यातली दारूबंदी २०१५ ला आली, २०२१ ला उठली. नवी बंदी मागत नाही. वंध्यत्वाच्या केसपेपरवर नवऱ्याची तंबाखू-दारू नोंदवणं सक्तीचं करा. बाईला नळ्यांच्या तपासणीला पाठवण्याआधी नवऱ्याचा वीर्याचा रिपोर्ट मागा, आणि ती तपासणी ग्रामीण रुग्णालयातच होऊ द्या. रिपोर्ट बिघडलेला आला, तर त्याच दिवशी समुपदेशकाकडे चिठ्ठी द्या आणि तीन महिन्यांनंतरची तारीख.

शिवाय नमुना द्यायला आतून कडी लागणारी एक स्वच्छ खोली हवी. सार्वजनिक संडासाकडे बोट दाखवलं, की आलेला माणूसही परत जातो.

आपला,
एक लॅब टेक्निशियन