ही सवय नव्हे

संपादक महाशय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला डावखुऱ्या मुलांवरचा लेख वाचला. ‘पालकांनी वेळीच लक्ष दिले तर ही सवय मोडते’ हे वाक्य वाचून फार वाईट वाटले. माझी ‘सवय’ अशीच मोडली गेली, म्हणून लिहिते.

आम्ही जुळ्या बहिणी, चेहऱ्यावरून ओळखू न येणाऱ्या. घर एक, आई एक, वर्गही एक. बहीण उजवी, मी डावरी. मग मला ही सवय लावली कोणी? बाई माझ्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात द्यायच्या. पुन्हा डाव्या हातात दिसली की पेरांवर पट्टी बसायची. कारण काय, तर शिरोरेघ वाकडी येते आणि हात फिरून अक्षर पुसते. पुसायचे, हे खरे आहे. पण नुसती वही तिरकी ठेवायला शिकवले असते तरी चालले असते. उत्तरे येत असूनही माझा पेपर अर्धा सुटायचा आणि बहिणीची वही वर्गभर फिरायची. आज मी उजव्या हाताने लिहिते, तेही अडखळत. कात्री, सुई, चेंडू मात्र डाव्याच हातात येतात.

सोनोग्राफीत पंधराव्या आठवड्यातला गर्भ अंगठा चोखताना दिसतो. बहुतेकांचा उजवा, काहींचा डावा. तिथे पालक काय लक्ष देणार? ब्रिटनमधल्या सुमारे ४ लाख लोकांच्या २०१९ मधल्या अभ्यासात डावखुरेपणाशी निगडित जनुकीय जागाही सापडल्या. अर्थात सगळे जनुकांवर नाही. त्यांचा वाटा साधारण पाव धरतात, म्हणूनच आम्हा बहिणींसारख्या जोड्या होतात आणि दोघेही आईवडील डावखुरे असले तरी बहुतेक मुले उजवीच निघतात.

त्याच पानावरची ‘डावखुरे उजव्या मेंदूने विचार करतात, म्हणून कलावंत होतात’ ही चौकटही चूक आहे. दहातल्या सुमारे सात डावखुऱ्यांचे भाषेचे केंद्र उजव्या हाताच्या माणसांसारखेच मेंदूच्या डाव्या भागात असते. आम्हाला कौतुकही खोटे नको.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी. तुमचा लेख कापून वर्गशिक्षिकेला दाखवणारे आईबाप असतील, त्यांच्यापर्यंत ती पोचली पाहिजे.

– एक डावरी वाचक