बैठकीत मिटलेले प्रकरण, घरात उरलेला दुरावा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

खानापूर, निपाणी किंवा बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात नवऱ्याचे वा बायकोचे बाहेरचे संबंध उघडकीस आले की दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बैठक घेतात, चुकलेल्याला चार शब्द सुनावतात, ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणतात आणि चहा घेऊन उठतात. संसार मोडू नये ही त्यांची तळमळ खरी असते. पण त्याच रात्री दोघांना एका खोलीत पाठवून सगळे सुरळीत झाले असे मानण्याच्या रीतीला माझा ठाम विरोध आहे.

माझ्या पाहण्यातल्या एका घरात बैठकीनंतर कित्येक महिने सून मुलांशेजारी माजघरातच अंथरूण टाकत होती. नवऱ्याचा फोन वाजला की भाकरी थापणारा तिचा हात थांबे आणि तो बोलून आत येईपर्यंत तव्यावरची भाकरी करपे. विश्वासघात झालेल्या माणसाची झोप उडते, नको ती चित्रे डोळ्यांपुढे येतात, तेच प्रश्न पुन्हा पुन्हा ओठांवर येतात. याला संशयी स्वभाव म्हणणे अन्यायाचे आहे. ज्याच्या हातून हे घडले त्याने ते संबंध पूर्ण तोडावेत, जे खरे ते एकदाच सांगून टाकावे आणि तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी न चिडता उत्तर द्यावे. शरीराची जवळीक ही त्यानंतरची गोष्ट. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९७० च्या सुमारास मांडलेल्या उपचारपद्धतीत काही काळ संभोग बाजूला ठेवून केवळ स्पर्शापासून सुरुवात करायला सांगितले जाते. आपल्याकडेही शेजारी बसणे, हात हातात घेणे आणि नको वाटेल तिथे थांबणे एवढ्यावर आधी समाधान मानावे. दोन खोल्यांच्या एकत्र कुटुंबात तेवढाही एकांत दुर्मीळ असतो, म्हणून थोरांनी उपदेशापेक्षा संध्याकाळी मुले सांभाळली तर अधिक उपकार होतील.

शरीराची जवळीक पुन्हा सुरू करण्याआधी दोघांनीही एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांची तपासणी करून घ्यावी. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत होते आणि २०१७ च्या कायद्याने ती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे.

आणखी एक बाजू बैठकीत कोणी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी व्यभिचाराचे कलम रद्द केल्याने तो आता गुन्हा नाही. मात्र १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानुसार व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण आजही आहे. पण सारे कळूनही सहजीवन पुन्हा सुरू केले, तर ती माफी समजली जाऊन त्या कारणावरचा हक्क जाऊ शकतो. म्हणजे जिला घाईने खोलीत ढकलले जाते, तिचा कायद्याचा आधारही त्याच घाईत कमकुवत होतो. चूक बायकोची असेल तर तिला बैठकीत बोलूच दिले जात नाही, तिची थेट माहेरी रवानगी होते. हा दुजाभावही थांबला पाहिजे.

अंथरुणावरचे दुःख कोणीही परक्या भाषेत मोकळेपणाने सांगू शकत नाही. म्हणून खानापूर, निपाणी आणि बेळगावच्या सरकारी रुग्णालयांत ठरलेल्या दिवशी मराठी जाणणारा समुपदेशक बसावा, अशी माझी आरोग्य खात्याला विनंती आहे. ती मान्य होईपर्यंत येथील महिला मंडळांनी आपल्या सभागृहातली एक बंद दाराची खोली आणि एक जाणकार व्यक्ती या जोडप्यांसाठी उपलब्ध करून द्यावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर