लघुपट स्पर्धांना 'संदेशा'ची अट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयीन लघुपट स्पर्धांचे फलक लागतात तेव्हा त्यांवर 'पाणी वाचवा', 'मोबाइलचे व्यसन', 'स्त्री-सन्मान' असे विषय बहुधा आधीच छापलेले असतात. परीक्षकांच्या गुणतक्त्यात 'सामाजिक संदेश' असा वेगळा रकाना असला की विद्यार्थी गोष्ट सुचण्याची वाटच पाहत नाहीत. ते आधी संदेश ठरवतात आणि मग त्याच्यासाठी एक आजारी आई, एक दारुडा बाप आणि शेवटी काळ्या पडद्यावर उमटणारी पांढरी अक्षरे जमवतात. बक्षीसही अनेकदा अशाच लघुपटांना मिळते, त्यामुळे मुलांना दोष देण्यात अर्थ नाही.

'काही सुचत नाही' म्हणणाऱ्यांना आणखी लघुपट पाहण्याचा सल्ला दिला जातो. त्याने तंत्र कळते, विषय मात्र उसना मिळतो. त्यापेक्षा त्यांनी एसटी स्थानकाजवळच्या एखाद्या रसवंतीगृहात दुपारभर बसावे. गिऱ्हाईक नसले तरी चरक रिकामा फिरवला जातो, कारण त्याला बांधलेल्या घुंगरांचा आवाज हीच तिथली जाहिरात असते. पिळून निघालेल्या उसाची घडी घालून, मध्ये आले-लिंबू ठेवून, तो पुन्हा चरकात सारला जातो. आणि पाटीवर 'कानिफनाथ' किंवा 'नवनाथ' हे नाव हमखास दिसते, कारण या धंद्यातली कितीतरी कुटुंबे कानिफनाथांचे देवस्थान असलेल्या पुरंदर तालुक्यातून आलेली आहेत. पावसाळा लागला की यांतले बरेच जण गावी शेतीकडे वळतात. मग गल्ल्याशेजारी बसून गृहपाठ करणाऱ्या मुलीची शाळा नेमकी कोणत्या गावात, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडला, की लघुपट सुरू झालाच. त्याच्या शेवटाला घुंगरे थांबणे पुरेसे आहे. अक्षरांची गरज नाही.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला, तेव्हा भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी त्यांनी भव्य देखावा उभारला नाही. कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर कसा वाढतो, हे त्यांनी एकेक चौकट टिपत चित्रित केले आणि ती चिमुकली फिल्म दाखवून कर्ज मिळवले. (त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा, १९१३ सालचा.)

म्हणून विद्यापीठांना आणि आयोजकांना विनंती, की त्यांनी विषय जाहीर करणे थांबवावे, संदेशाचे गुण काढून टाकावेत आणि संहितेसोबत निरीक्षणाची वही मागवावी. निवडलेल्या जागी कोण कधी येते, ऊन कोणत्या वेळी कुठे पडते, कोणते आवाज सतत येतात, एवढ्या नोंदी तिच्यात असल्या तरी पुरे. आणखी एक अडचण व्यवहारातली आहे. बाजारात किंवा स्थानकात कॅमेरा काढला की मुलांना हटकले जाते, आणि मग चित्रीकरण वसतिगृहाच्या खोलीत उरकावे लागते. महाविद्यालयांनी परवानगीसाठीची शिफारसपत्रे संहितालेखनाच्या आधीच, वही सुरू होतानाच, द्यावीत.

आपला,
एक वाचक, पुणे