'फिअर'च्या पहिल्या तीन पर्वांवर अन्याय नको

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत गाजलेल्या परदेशी मालिका आणि त्यांच्यातून निघालेल्या स्पिन-ऑफ मालिका यांच्याविषयीचा लेख वाचला. 'फिअर द वॉकिंग डेड' ही 'द वॉकिंग डेड'ची फिकी नक्कल आहे, असे एका वाक्यात सांगून लेखक पुढे गेले आहेत. चौथ्या पर्वापासूनच्या भागांना हे विधान बरेचसे लागू पडते. पहिल्या तीन पर्वांना ते अजिबात लागू पडत नाही, आणि माझ्या मते झॉम्बी, म्हणजे उठून चालणारी आणि माणसांवर तुटून पडणारी प्रेते, या विषयावरचे दूरचित्रवाणीवरील सर्वांत विचारी काम त्या तीन पर्वांतच झालेले आहे.

2010 साली सुरू झालेली मूळ मालिका रॉबर्ट कर्कमन यांच्या कॉमिकवर आधारलेली आहे. रिक ग्राइम्स हा पोलीस इस्पितळात कोमातून शुद्धीवर येतो, तेव्हा सगळे होऊन गेलेले असते. सरकार, फौज, शाळा, इस्पितळे कशी कोसळली हे त्यालाही ठाऊक नसते आणि आपल्यालाही. या युक्तीमुळे कथेला वेग येतो, हे खरे. पण माणसे नेमकी कोणत्या दिवशी एकमेकांकडे संशयाने पाहू लागली, हा सर्वांत अवघड प्रश्न त्यामुळे बाजूलाच राहतो. कर्कमन आणि डेव्ह एरिक्सन यांनी 2015 मध्ये आणलेली 'फिअर' त्याच वगळलेल्या दिवसांत शिरते. तिचे स्थळ लॉस एंजेलिस आहे आणि तिची माणसे म्हणजे शाळेतील समुपदेशक मॅडिसन, तिचा जोडीदार असलेला शिक्षक ट्रॅव्हिस, हेरॉइनच्या आहारी गेलेला तिचा मुलगा निक, मुलगी अ‍ॅलिशिया आणि एल साल्वाडोरहून आलेला न्हावी डॅनियल सालाझार. यांपैकी कोणाच्याही अंगावर गणवेश नाही, त्यामुळे आता हुकूम कोणाचा चालायचा, हे कोणीच गृहीत धरू शकत नाही.

पहिल्या पर्वाच्या संथपणाबद्दल अनेकांची तक्रार असते. त्यांनी चौथा भाग पुन्हा पाहावा, अशी माझी विनंती आहे. फौजेने वस्तीभोवती कुंपण घातले आहे, ट्रॅव्हिस सकाळी रस्त्यावरून धावायला निघतो आणि आता सगळे मार्गी लागेल, असे त्याला मनापासून वाटते. त्याच्या मुलाला मात्र कुंपणापलीकडच्या एका घरातून प्रकाशाची उघडझाप दिसते. तिथे कोणीतरी जिवंत आहे. ट्रॅव्हिस ही गोष्ट भल्या हेतूने लष्करी अधिकाऱ्याच्या कानावर घालतो आणि भागाच्या शेवटी त्याच खिडकीत गोळीबाराचा लखलखाट होऊन अंधार पसरतो. त्या प्रसंगात झॉम्बी एकही दिसत नाही. 2020 च्या टाळेबंदीत ठाण्यात गल्ल्यांच्या तोंडाशी बांबू बांधलेले, सोसायटीच्या फाटकावर धुणेभांडी करणाऱ्या मावशींना अडवलेले आणि कोणत्या घरात रुग्ण सापडला याची कुजबुज मजल्या-मजल्यावर चाललेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांना कुंपणाच्या आतले ते स्वस्थपण किती खरे आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

दोन्ही मालिकांतला फरक एकाच प्रसंगाच्या दोन रूपांतही दिसतो. मूळ मालिकेच्या पहिल्याच भागात रिकला आसरा देणाऱ्या मॉर्गनची मृत पत्नी रात्री येऊन दाराची मूठ फिरवते. तो खिडकीतून तिच्यावर बंदूक रोखतो, पण चाप ओढू शकत नाही. हा प्रसंग अप्रतिम आहे आणि त्याचे श्रेय मूळ मालिकेला द्यायलाच हवे. 'फिअर'मध्ये हेच दुःख शेजारधर्माच्या पातळीवर येते. मॅडिसनच्या मुलांना लहानपणी सांभाळणारी शेजारीण सुझन आता मृत होऊन आपल्याच अंगणात अडकली आहे. तिचे काय करायचे, यावर घरात वाद होतो. इतक्यात परगावाहून परतलेला तिचा नवरा काही न कळून तिला मिठी मारायला पुढे होतो आणि सैनिक तिला गोळी घालतात. पहिल्या प्रसंगात निर्णय एकट्या माणसाचा आहे. दुसऱ्यात तो घराच्या हातून निसटून व्यवस्थेकडे जातो.

निकबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. प्रेतांचे रक्त अंगाला फासून त्यांच्यातून चालत जाण्याची क्लृप्ती मूळ मालिकेत रिक आणि त्याचा साथीदार ग्लेन जीव वाचवण्यासाठी वापरतात आणि पाऊस आल्यावर ती फसते. निकला मात्र त्या गर्दीत बरे वाटते. दुसऱ्या पर्वात तो मेक्सिकोत मृतांच्या सोबतीने तिहुआनाच्या दिशेने चालत राहतो, तेव्हा जगाच्या अंताशी व्यसनी माणसाचे नाते किती वेगळे असू शकते, हे निकची भूमिका करणाऱ्या फ्रँक डिलेन यांनी फारसे न बोलता दाखवले आहे. मूळ मालिकेच्या 177 भागांत अशा जातीची व्यक्तिरेखा मला आढळली नाही.

चौथ्या पर्वापासून एरिक्सन नव्हते, सूत्रे नव्या मंडळींकडे गेली आणि मॉर्गनला मूळ मालिकेतून इकडे आणण्यात आले. मॉर्गनची भूमिका करणारे लेनी जेम्स उत्तम नट आहेत. पण त्याच पर्वात निक तिसऱ्या भागातच मारला गेला, मॅडिसन आठव्या भागात आगीच्या स्वाधीन झाली आणि कुटुंबाची ही गोष्ट भटक्या टोळीची गोष्ट झाली. मॅडिसनला सातव्या पर्वाच्या अखेरीस परत आणले गेले, तोवर फार उशीर झाला होता. नक्कल म्हणायचे तर ती या पर्वांना म्हणावे. स्वतःचा विषय सोडून थोरल्या मालिकेच्या वाटेने गेल्यावरच 'फिअर' दुबळी झाली.

आपल्या लेखातील शिफारशींच्या यादीवर भरवसा ठेवून मालिका निवडणारे वाचक बरेच असतील. त्यांनी 'फिअर' पहिल्यापासून पाहावी, तिसऱ्या पर्वातील धरणाच्या स्फोटापाशी थांबावे, आणि त्यानंतरही पुढे जायचे असेलच, तर कोलमन डोमिंगो यांनी साकारलेल्या व्हिक्टर स्ट्रँडसाठी जावे.

आपला,
एक नियमित वाचक,
ठाणे (पश्चिम)