आप्पांना पुन्हा पायांवर उभं करणाऱ्या मॅडमना

मॅडम,

जानेवारीत आप्पा न्हाणीत घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी लवकर चालवायला सांगितलं होतं. पण भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "हलू देऊ नका, हाड जुळूदे." आम्हीही भ्यालो आणि तीन आठवडे त्यांना कॉटवरून उतरूच दिलं नाही.

मग फिजिओथेरपीसाठी तुम्ही आलात. शिंप्याकडे असते तसली टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्यात. उजवी चार सेंटिमीटरनं कमी भरली. ऐन उमेदीत कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्त्या मारलेला माणूस तो. काही न बोलता त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हा तुम्ही त्यांच्याच भाषेत बोललात. "आप्पा, तालीम सुटली की अंग उतरतं ना? तसंच झालंय. काम नसलेला स्नायू शरीर पोसत नाही. आणि वय झालं की तो आणखी लवकर जातो." दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून तुम्ही स्नायूतल्या ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे समजावलेत. नसेतून हुकूम येतो, स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सुटतं, मायोसिन ॲक्टिनला धरून ओढतं. धागे आखडत नाहीत, नुसते एकमेकांत सरकतात. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. म्हणून पाय वाकवणारे वेगळे आणि सरळ करणारे वेगळे. आप्पा मान वळवून ऐकत होते.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून तुम्ही म्हणालात, "दाबा, पाच मोजेपर्यंत." काहीच हललं नाही. तुम्ही त्यांचाच हात मांडीवर ठेवलात. कातडीखाली बारीकशी थरथर होती. "हे बघा, हुकूम पोचतोय."

पुढचे तीन आठवडे टेपचा आकडा तोच राहिला आणि आप्पा खचले. सुरुवातीला वाढते ती ताकद बरीचशी मेंदू आणि नसांची असते, स्नायू भरायला त्याहून वेळ लागतो, हे तुम्ही तेव्हा सांगितलं नसतं तर त्यांनी व्यायाम सोडलाच असता. पोटऱ्या आणि दंड फार दुखतात म्हटल्यावर तुम्ही गोळ्यांची पाकिटं मागवून पाहिलीत. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनी क्वचित स्नायू दुखतात, पण मनानं बंद करू नका, डॉक्टरांना विचारा, असं बजावलंत. डॉक्टरांनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं, त्यावर उपचार सुरू झाले. दोन वेळच्या भाताबरोबर अंडी, डाळ, दूध हवंच, हे तुम्ही आईला तीनदा सांगितलंत. ती आता शेजारणींनाही सांगते.

मॅडम, तुमची फी आम्ही दिली. पण पावसात गाडी बंद पडल्यावर तुम्ही शिवाजी पेठेपर्यंत चालत आला होता, ते कुठल्या हिशेबात धरायचं?

परवा आप्पा काठी घेऊन गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर गेले. वाटेत दोनदा थांबले, पण माझा हात धरला नाही. समोर म्हैस पिळून दिलेलं फेसाळ दूध उभ्यानं प्यायले आणि म्हणाले, "त्या पोरीला एकदा इथं आणायचं." रविवारी वेळ काढा. ते विचारत असतात.

तुमचा,
आप्पांचा थोरला