नाक्यावरचे मजूर आणि तीन मापं पीठ

टोरांटो
जानेवारीचा तिसरा आठवडा

आदरणीय वहिनी,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

बुधवारची घरगुती प्रार्थनासभा आता भांडुपला आपल्याकडे भरते आणि पाळकसाहेबांनी छोटा संदेश तुमच्यावर सोपवलाय, हे दादाने कळवलं. फार आनंद झाला. तुम्ही विचारलंय की घरातल्या, रस्त्यावरच्या रोजच्या गोष्टींतून शास्त्राचा बोध कसा शोधायचा, आणि बहुतेक वेळा तो ओढूनताणून आणल्यासारखा का वाटतो. सविस्तर लिहिते, कारण हा विषय मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

तो ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो, कारण क्रम उलटा होतो. आधी बोध ठरतो, ‘देव काळजी घेतो’ किंवा ‘धीर धरा’ असा काहीतरी. मग त्याला शोभेल अशी वस्तू शोधली जाते आणि शेवटी एखादं वचन चिकटवलं जातं. येशूचे दाखले तसे नाहीत. त्यांत पेरणारा, मजूर, कोळी, पीठ मळणारी बाई यांचं काम नेमकं येतं. म्हणून आधी ती वस्तू किंवा ते काम नीट पाहायचं: कशाचं आहे, किती लागतं, किती वेळ लागतो, कुठे बिघडतं. मग उतारा वाचायचा, त्याच्या आधीचं आणि नंतरचं वाचायचं. बोध शेवटी. आणि एकच.

मत्तय २० मधला द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दाखला घ्या. तो समजायला मुंबईसारखं गाव नाही. सकाळी आठच्या सुमाराला स्टेशनजवळच्या कामगार नाक्यावरून जाल तेव्हा पाच मिनिटं थांबून पाहा. रंगाऱ्याच्या हातात ब्रश आणि रोलर, गवंड्याच्या पिशवीत थापी आणि ओळंबा, बिगाऱ्याकडे फावडं-पाटी, नाहीतर नुसतेच हात. मुकादम येतो, नजरेनेच माणसं निवडतो, रोजाची घासाघीस होते, टेम्पो भरतो. आधी कोण उचलले जातात? तरणे, धट्टेकट्टे, ओळखीचे. मागे कोण राहतात? वय झालेले, अंगाने बारीक, गावाहून नुकतेच आलेले, आणि बऱ्याचदा बाया. दहा-अकरा वाजले की त्या दिवसाची आशा जवळजवळ संपते.

हे डोळ्यांसमोर ठेवून दाखला वाचा. धनी पहाटे जातो, मग नऊच्या सुमाराला, बाराला, तीनला आणि शेवटी पाचला. सूर्य सहाला मावळतो. पाच वाजता उभ्या असलेल्यांना तो विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का? ते म्हणतात, कोणी कामाला लावलंच नाही. आपल्याकडे कितीतरी संदेशांत या माणसांना आळशी ठरवलं जातं. नाका पाहिलेली बाई तसं म्हणणार नाही. दुपारी बाराला निघून जाणं सोपं होतं. संध्याकाळी पाचपर्यंत उभा राहतो तो, ज्याला रिकाम्या हाताने घरी जाणं परवडत नाही.

आता मजुरी. संध्याकाळी धनी पाचला आलेल्यांनाही पहाटेपासून राबलेल्यांइतकाच एक दिनार देतो, आणि पहाटेचे कुरकुरतात. एक दिनार म्हणजे त्या काळी मजुराचा दिवसाचा रोज. तेवढ्यात घरातली चूल त्या दिवशी पेटायची. तासाभराच्या कामाचा हिशोबाने बारावा हिस्सा दिला असता तर त्यात घर जेवलं नसतं. म्हणून जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात, २४:१५ मध्ये, मजुराचा रोज सूर्य मावळायच्या आत द्या अशी आज्ञा आहे, तो गरीब आहे आणि त्याचं चित्त त्याच रोजाकडे लागलेलं असतं असं कारणही दिलंय. या दाखल्यातला धनी ती आज्ञा पाळतो आणि तिच्याही पुढे जातो.

मग शेजारचा मजकूर वाचा, ही पायरी कधीही गाळू नका. अध्याय १९, वचन २७ मध्ये येशूचा शिष्य पेत्र विचारतो, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, मग आम्हाला काय मिळणार? हा दाखला त्या प्रश्नानंतर लगेच येतो. ‘शेवटचे ते पहिले’ हे वाक्य दाखल्याच्या आधी १९:३० मध्ये आहे आणि दाखला संपताना २०:१६ मध्ये पुन्हा आहे. म्हणजे दाखल्याचा रोख पहाटेपासून राबणाऱ्यांकडे आहे, जुन्या विश्वासणाऱ्यांकडे. आपल्या मंडळीत पिढ्यान्‌पिढ्या असलेली घरं आणि गेल्या वर्षी आलेली घरं एकाच बाकावर बसतात. बोध तिथे लागू होतो, आणि पहिल्यांदा तो आपल्याच घराला लागू होतो, वहिनी. संदेश देणाऱ्याने तो आधी स्वतःवर घेतला नाही तर ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

दुसरं उदाहरण स्वयंपाकघरातलं. मत्तय १३:३३ मध्ये येशू म्हणतो, स्वर्गाचं राज्य खमिरासारखं आहे: एका बाईने तीन मापं पिठात खमीर मिसळलं आणि सगळं पीठ फुगलं. त्या काळचं खमीर म्हणजे आदल्या दिवशीच्या आंबलेल्या कणकेचा राखून ठेवलेला गोळा. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळ येतं ते विरजण. अर्धा लिटर कोमट दुधाला चमचाभर दही पुरतं. बोट घालून सहज सोसवेल इतकं दूध गरम हवं. जास्त गरम असलं तर विरजण मरतं, गार असलं तर तासन्‌तास काही होत नाही. मुंबईत मे महिन्यात पाच-सहा तासांत दही लागतं. इथल्या थंडीत भांडं गुंडाळून उबेला ठेवलं नाही तर सकाळीही दूध दूधच असतं. ते नीट ढवळायचं आणि मग हलवायचं नाही. एकदा लागलं की त्यातून विरजण परत काढता येत नाही.

इथवर सगळेच येतात आणि ‘राज्य हळूहळू पसरतं’ असं सांगून थांबतात. पण माप पाहा. तीन मापं म्हणजे किती, यावर अभ्यासकांचे दोन हिशोब आहेत. कमीत कमी धरलं तरी पीठ बारा किलोच्या आसपास जातं, जास्त धरलं तर वीस किलो. एका पोळीला ३० ग्रॅम धरा, १२ किलोत ४०० पोळ्या! हे एका घराचं रोजचं पीठ नाही, ही पंगत आहे. उत्पत्ती १८:६ काढा. तिथे अब्राहाम तीन पाहुण्यांसाठी सारेला नेमकी तीनच मापं पीठ मळायला सांगतो. ऐकणाऱ्यांना ते आठवलं असणार. आणि एवढं पीठ हाताने मळणं म्हणजे खांदे भरून येणारं काम. बाई मळते, मग झाकून ठेवते. मळणं तिच्या हातात आहे, फुगवणं नाही. सभेतल्या बायांनी एवढ्या कणकेचा गोळा प्रत्यक्ष कधी मळला असेल, लग्नाच्या घरात वगैरे, तर त्यांनाच बोलू द्या. तुमच्यापेक्षा त्या चांगलं सांगतील.

इथे एक सावधगिरी हवी. खमीर दिसलं की देवाचं राज्य, असा नियम करून टाकू नका. मत्तय १६ मध्ये येशू परुशी आणि सदूकी या त्या काळच्या यहुदी धर्मपंथांच्या खमिराविषयी जपायला सांगतो. लूक १२:१ मध्ये ते ढोंग आहे. पौल १ करिंथ ५ मध्ये जुनं खमीर काढून टाका म्हणतो. वस्तूचा गुण तोच, थोडक्यातून सगळ्यात शिरण्याचा. काय शिरतंय ते त्या त्या उताऱ्याने ठरतं.

याच कारणाने दाखल्यातल्या प्रत्येक बारीक गोष्टीला अर्थ लावत बसू नये. पाच वेळचा फेरा म्हणजे माणसाच्या आयुष्याचे पाच टप्पे, तीन मापं म्हणजे त्रैक्य, असं ऐकायला छान वाटतं, पण मजकुरात त्याला आधार नाही. पेरणाऱ्याचा दाखला आणि गहू-निदणाचा दाखला यांचा अर्थ येशूने स्वतः तपशिलाने सांगितला, तिथे तो घ्यावा. इतर ठिकाणी मुख्य मुद्दा धरावा.

मोबाइलवर फिरणाऱ्या गोष्टींबद्दलही लिहायला हवं. गरुड चाळिशीत डोंगरावर जातो, चोच खडकावर आपटून तोडतो, पिसं उपटतो आणि पाच महिन्यांनी नवा होतो, ही गोष्ट यशया ४०:३१ बरोबर सर्रास सांगितली जाते. ती खोटी आहे. चोच नसलेला गरुड उपाशी मरेल. चोच आयुष्यभर वाढत आणि झिजत राहते, पिसं थोडी थोडी गळून नवी येतात. तसंच यरुशलेमात ‘सुईचं नाक’ नावाचं छोटं दार होतं आणि उंट गुडघे टेकून त्यातून जायचा, यालाही पुरावा नाही. शिवाय त्या गोष्टीने मार्क १०:२७ मधली धारच जाते. श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, असं सांगून तिथे येशू म्हणतो, माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही. सत्याच्या देवाविषयी बोलताना खोट्या गोष्टीचा आधार का घ्यायचा?

त्यापेक्षा गच्चीवर जाऊन घारी पाहा. सकाळी लवकर त्या टाकीवर, झाडावर बसून असतात. नऊ-दहाला ऊन तापलं, जमिनीवरची हवा गरम होऊन वर चढायला लागली, की पंख पसरून त्या वर्तुळं घेत वर जातात आणि पंख फारसे हलवतही नाहीत. यशयाचं ते वचन, ‘परमेश्वराची वाट पाहणारे’, याच्या शेजारी ठेवून वाचा. मग वचन २७ वाचा. ‘माझा मार्ग परमेश्वरापासून लपलेला आहे’ असं म्हणणाऱ्या थकलेल्या लोकांना हे सांगितलंय. क्रमही बघा: उडणं, धावणं आणि शेवटी चालणं. सासूचं आजारपण वर्षानुवर्षं काढणाऱ्या बाईला त्यातलं चालणं सगळ्यात जवळचं वाटेल.

बाजारातल्या कोळीण मावशींना एकदा जाळी धुण्याबद्दल विचारा. आजची जाळी नायलॉनची, कुजत नाहीत. गालीलच्या समुद्रावरची जाळी अंबाडीसारख्या, जवसाच्या रोपापासून काढलेल्या धाग्याची असायची. ती रोज धुवून वाळवली नाहीत तर सडायची, आणि दिवसाउजेडी माशांना दिसायची म्हणून रात्री टाकायची. लूक ५:२ मध्ये कोळी जाळी धूत आहेत. म्हणजे रात्र फुकट गेली, काम आवरत आलं, आणि येशू म्हणतो, खोल पाण्यात चला, जाळी सोडा. ओटा धुवून, भांडी पालथी घातल्यावर पाहुणे यावेत तसं. पेत्राच्या ‘तरी आपल्या शब्दावरून’ या तीन शब्दांत सगळं जाळं पुन्हा धुणंही आलं.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. रोजच्या घटनांतून बोध शोधायची सवय लागली की माणूस दुसऱ्याच्या दुःखातूनही बोध काढायला लागतो. पावसाळ्यात मुंबईत कुठे दरड कोसळते, कुठे जुनी इमारत पडते, आणि लगेच कोणी तरी प्रार्थनेत म्हणतं की देवाने इशारा दिला. लूक १३:४ वाचा. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले होते. ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं वाटतं का, असं येशूने विचारलं आणि स्वतःच ‘नाही’ म्हटलं. मग ऐकणाऱ्यांना स्वतःकडे पाहायला लावलं. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी विचारलं, पाप कोणी केलं, याने की आईबापांनी? योहान ९:३ मधलं उत्तर, कोणीच नाही. तेव्हा कोणाचं आजारपण, मूल नसणं, नवऱ्याचं दारूचं व्यसन, हे तुमच्या संदेशात उदाहरण म्हणून कधीही येऊ देऊ नका, नाव न घेताही. दहा बायांच्या खोलीत नाव न घेतलं तरी सगळ्यांना कळतं. तिथे जेवणाचा डबा पोहोचवावा आणि जवळ बसावं.

वेळेचं असं करा. अर्धा तास असेल तर पहिली पाच मिनिटं वस्तूला किंवा कामाला, शक्य असेल तर ती वस्तू मधे ठेवूनच. उतारा दोघींनी दोनदा मोठ्याने वाचावा, दुसऱ्या वेळी सावकाश. मग मागचं-पुढचं, तेवढं तुम्ही आधी पाहून ठेवा. संदर्भ दोनच द्या, जास्त दिले की पानं उलटण्यातच वेळ जातो. मग विचारा, यात आपल्याला नवीन काय दिसलं? आणि गप्प बसा. अर्धा मिनिट कोणी बोलणार नाही, तरी तुम्ही बोलू नका, कोणीतरी सुरुवात करतंच. शेवटी या आठवड्यात करता येईल असं एक काम ठरवा. मजुरांच्या दाखल्यानंतर ते अगदी साधं असू शकतं: धुणंभांडी करणाऱ्या बाईचा पगार एक तारखेलाच द्यायचा, आणि ती आजारी पडली तर कापायचा नाही. मग प्रार्थना.

एक वही ठेवा. तारीख, वस्तू, उतारा, एका ओळीत बोध, ठरवलेलं काम. पुढच्या बुधवारी आधी विचारायचं, ते काम झालं का.

नाक्याचा दाखला आधी घेतलात तर त्यापुढे लूक १५ मधलं हरवलेलं नाणं घ्या. ते नाणंही साधारण एका रोजाचं, त्यामुळे बायांना तिची शोधाशोध लगेच समजेल. जमिनीवर भेगा-फटी, खिडक्या लहान किंवा नाहीतच, म्हणून दिवसाही दिवा लागतो आणि केरसुणी लागते. चाळीतल्या मागच्या खोलीत राहिलेल्या आजी आल्या असतील तर त्यांना आधी बोलू द्या. मूळ प्रश्न मात्र १५:२ मध्ये आहे, हा पाप्यांबरोबर जेवतो अशी कुरकूर. तिथून सुरुवात करा.

चारच जणी आल्या तरी सभा रद्द करू नका. मम्मी-पप्पांना आणि पाळकसाहेबांना सलाम, मुलांना पापा. दादाला म्हणावं, संदर्भ शोधायला बारीक टाइपाचं शास्त्र वापरू नकोस, मोठ्या टाइपाचं कपाटात वरच्या खणात आहे.

तुमची नणंद