शुक्रवारच्या गीत-प्रार्थनेसाठी आवाहन

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, सप्रेम सलाम. शुक्रवारच्या उपासनेची आपली पेटी, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करायला मदत हवी आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या शुक्रवारी जे हजर होते त्यांना काय झालं ते सांगायला नको. जे नव्हते त्यांच्यासाठी लिहितो. दुसरं कडवं संपलं, पाळकसाहेबांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू केली आणि आपल्या पेटीवाल्या दादांनी नेहमीप्रमाणे खाली नुसता षड्ज धरून ठेवला. दोन-तीन वाक्यं झाली नाहीत तोच भात्यातून फस्स असा आवाज आला आणि सूर बसला. सगळ्यांचे डोळे उघडले. प्रार्थना संपली, ध्रुपद परत उचलायचं तर सूर कुठला? शेवटी मागच्या बाकावरच्या आजींनी आपल्याच पट्टीत ते उचललं, म्हणून निभावलं. भात्याच्या घडीवर मी स्वतः औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी तीनदा लावली आहे. आता कातडंच सुकून चिरलंय, पट्टी धरत नाही. काळी दोन तर पावसाळाभर दाबली की वरच येत नाही.

"पेटी नसली म्हणून काय, प्रार्थना तर होतेच ना" असं काहीजण म्हणतात. होते. पण शुक्रवारची आपली उपासना काय आहे हे त्यांनी एकदा येऊन पाहावं एवढीच विनंती. आपण आधी गाणी आणि मग प्रार्थना, असं करत नाही. स्तुतिगीत झालं की त्याच सुरात आभाराची प्रार्थना. पश्चात्तापाचं पद संपता संपता पापांगीकार, मध्ये सूचना नाहीत, पानं उलटणं नाही. मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठीच्या प्रार्थनेच्या, वेळी प्रत्येक विनंतीनंतर मंडळी एकच ओळ गाते. "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" असं रविवारी आपण म्हणतो, तेच शुक्रवारी गातो. आणि नवं गीत आधी सगळे मिळून नुसतं वाचतो, सावकाश, कारण जे मनापासून मागता येणार नाही ते गाण्यात तरी का म्हणायचं?

ही काही आमची नवी टूम नाही. 72 वं स्तोत्र उघडा. शेवटी लिहिलंय की इशायाचा पुत्र दावीद ह्याच्या प्रार्थना इथे समाप्त झाल्या. गाणी समाप्त, असं नाही लिहिलेलं. हबक्कूकचा तिसरा अध्याय प्रार्थना म्हणून सुरू होतो आणि शेवटी मुख्य गवयासाठी तंतुवाद्यांची सूचना आहे. फिलिप्पैच्या तुरुंगात पाय खोड्यात असताना पौल आणि सीला मध्यरात्री प्रार्थना करत होते आणि गातही होते. शेवटच्या भोजनानंतर शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, आणि मग गेथशेमाने बागेतली येशूची प्रार्थना. करिंथकरांना पौल सांगतो की आत्म्याने प्रार्थना करीन आणि बुद्धीनेही, आत्म्याने गाईन आणि बुद्धीनेही. एकाच वचनात दोन्ही. आम्ही त्यात आमच्या पदरचं काही घातलेलं नाही.

आणि नाशिककरांना तर हे सांगावं लागू नये. आपल्या भाषेत, आपल्या चालीत देवाला आळवायचं हे नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी दाखवलं. त्यानंतर रेव्ह. ना. वा. टिळकांनी अभंगांची आणि पदांची अशी काही लेणी दिली की आजही 'उपासना संगीत' हे आपलं गीतपुस्तक उघडलं की जागोजागी त्यांचंच नाव दिसतं. टिळकांचं काही शिक्षण आपल्या नाशकात झालं. लक्ष्मीबाई 1868 साली जन्मल्या त्या इथून जवळच, गोदाकाठच्या जलालपूरला. पतीचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' ह्या माउलीने पुरं केलं. नाशकातल्याच शरणपूरची गोष्ट तर आणखी आधीची. गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथल्या मिशनच्या आश्रमात शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट. 1873 साली आफ्रिकेच्या जंगलात मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले तेव्हा त्यांच्यासाठी दफनविधीची प्रार्थना वाचली ती ह्याच जेकबने. आपल्या गावात शिकलेली प्रार्थना इतक्या दूर गेली, आणि आपल्याला घरून चर्चपर्यंत यायला शुक्रवारी वेळ होत नाही, ह्याचं वाईट वाटतं.

ज्यांनी आजवर उचलून धरलं त्यांचे उपकार मात्र विसरता येणार नाहीत. ही पेटी दिली ती नाशिकरोडच्या एका निवृत्त काकांनी. ग्रॅच्युइटी हातात आली त्याच आठवड्यात ती रिक्षातून घेऊन आले, मांडीवर ठेवून, आणि नाव लिहू नका म्हणाले. आजही लिहीत नाही. डग्ग्याची पुडी (वरचं कातडं) फाटली तेव्हा महिला मंडळाच्या भगिनींनी नाताळच्या करंज्या विकून पैसे उभे केले. किती रात्री जागल्या असतील! तरुण संघाच्या मुलांनी दोन वर्षं सतरंज्या घालायचं आणि उचलायचं काम न सांगता केलं. कॉलेज रोडच्या एका बहिणीने उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) सगळ्या गीतांची वही स्वतःच्या हाताने लिहून दिली, अक्षर असं की छापल्यासारखं. आणि पेटीवाले दादा! अकरा वर्षं, एक पैसा न घेता, पाऊस असो की लग्नाचा मुहूर्त. शुक्रवार चुकला तो फक्त त्यांचे वडील प्रभूजवळ गेले तेव्हा.

मनातलं एक बोलतो, राग मानू नये. मागच्या वर्षी हेच आवाहन तीन रविवार वाचलं. हात वर करणारे पुष्कळ होते, दानपेटीत पडलेली पाकिटं चार. "गाण्याला कशाला पैसे, आधी छपराचं बघा" हेही ऐकून घेतलं. छपराचं पंचकमिटी बघते आहे, त्यालाही आम्ही दिलं आहे. पण ज्या घरांमध्ये दुःखाच्या वेळी आम्ही रात्री अकरापर्यंत गायलो, तिथूनही कुणी विचारलं नाही की बाबांनो, तुमची पेटी वाजते का? ते लागलं.

असो. खर्च असा: पेटीचा भाता, कातडं व सूर साफ करून लावणे 9,000 रुपये; तबला-डग्गा पुड्या 3,500; मोठ्या अक्षरांतल्या गीतांच्या 40 वह्या (ज्येष्ठांना पुस्तकातलं दिसत नाही) 2,400; एकूण 14,900. हातात 4,300 आहेत, 10,600 कमी पडतात. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत (नाताळाआधीच्या चौथ्या रविवारपर्यंत) लागतील, नाताळच्या सरावाआधी पेटी परत यायला हवी. देणगी उपासनेनंतर खजिनदारांकडे द्यावी, पावती मागून घ्यावी. पाकिटावर 'शुक्रवार' लिहावं, नाहीतर ते दानार्पणात जातं. पन्नास रुपयेही चालतील. जुन्या पण चांगल्या झांजा कुणाकडे असल्यास कळवावं. गाणारे हवेत, विशेषतः पुरुष आवाज. सूर कच्चा असला तरी हरकत नाही. वेळ शुक्रवारी संध्याकाळी साडेसात, नऊला सुटतो.

आपला बंधू,
सचिव

ता. क. पेटी दुरुस्तीला गेली की दोन शुक्रवार नुसत्या आवाजावर गावं लागेल. बाकी कधी नाही जमलं तरी त्या दोन शुक्रवारी या.